धरणांची शंभरी आणि निगराणीचे दारिद्र्य

नवे धरण मंजूर झाले की कोनशिला बसते, समारंभ होतो आणि श्रेय कोणाचे यावर पुढाऱ्यांमध्ये चढाओढ लागते. जुन्या धरणाच्या भिंतीतून पाझरणारे पाणी रोज मोजून वहीत टिपणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी कोणी मांडव घालीत नाही. महाराष्ट्राच्या जलनीतीतील हा जुनाच विरोधाभास आता धोक्याच्या पातळीला पोहोचला आहे. देशातील मोठ्या धरणांपैकी सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे २,४०० धरणे एकट्या महाराष्ट्रात आहेत. शंभर वर्षे ओलांडलेली मोठी धरणे देशभरात दोनशेहून अधिक आहेत. बांधण्याचे युग सरत आले असून राखण्याचे युग सुरू झाले आहे, याची जाणीव मात्र अंदाजपत्रकात अद्याप दिसत नाही.

राखण्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातच उभे आहे. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. सुमारे २७० फूट उंचीची ही दगडी भिंत तेव्हा देशात अपूर्व मानली गेली. तिच्या पाण्यावर प्रवराकाठचा ऊस उभा राहिला आणि सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. या भिंतीला १९६९ साली तडे गेले आणि गळती चिंताजनक प्रमाणात वाढली. तेव्हाच्या अभियंत्यांनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. जलाशयाची पातळी उतरविण्यात आली, पोलादी तारांच्या दोरांनी भिंत खालच्या खडकाशी जखडण्यात आली आणि मागील अंगाला भक्कम आधारभिंती देण्यात आल्या. भंडारदरा शंभरी गाठू शकले ते त्या वेळच्या सावधपणामुळे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेच्या भिंतीला भेगा पाडल्या तेव्हाही असेच झाले. ती भिंत आधार देऊन बळकट करण्यात आली आणि राज्याच्या विजेचा तो कणा शाबूत राहिला.

याच्या उलट बाजूचे धडेही महाराष्ट्राने भारी किंमत देऊन घेतले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. ते धरण म्हातारे नव्हते. त्याचे काम पुरे होण्याआधीच त्यात पाणी साठविण्याची घाई झाली होती. त्या लोंढ्यापुढे १८७९ सालापासून उभे असलेले खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि निम्मे पुणे पाण्याखाली गेले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथले मातीचे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे वाहून गेली. तेही वयाने तरुणच होते. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर खेकड्यांनी बांध पोखरल्याचे कारण पुढे आले, तेव्हा त्याची सर्वत्र चेष्टा झाली. परंतु त्या चेष्टेत मुख्य प्रश्न बाजूला पडला. खेकडे, उंदीर, झुडपांची मुळे हे मातीच्या बांधाचे सनातन शत्रू आहेत आणि त्यांचा बंदोबस्त करण्यासाठीच निगराणी असते. खेकड्यांवर ठपका ठेवणे म्हणजे निगराणी नव्हती, याचीच कबुली देणे होय.

तेव्हा वय हा एकच निकष धरून चालणार नाही. तरीही जुन्या धरणांचे काही दोष वयाबरोबरच येतात, हेही नाकारता येत नाही. चुन्यात बांधलेल्या भिंतीतून वर्षानुवर्षे पाणी झिरपत राहिले म्हणजे चुना हळूहळू धुपतो आणि भिंतीचे वजन व बळ दोन्ही घटतात. पायातून वर रेटणाऱ्या पाण्याच्या दाबाचा विचार त्या काळच्या अनेक आराखड्यांत पुरेसा झालेला नव्हता. सांडव्याची क्षमता तेव्हा उपलब्ध असलेल्या थोड्या वर्षांच्या पर्जन्यनोंदींवरून ठरविली गेली. आज दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. अंदाजाहून मोठा पूर सांडव्याला न पेलल्याने काय होते, हे ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरण फुटून मोरवीत झालेल्या संहाराने दाखवून दिले. लोखंडी दरवाजे तर भिंतीच्याही आधी झिजतात. १९५३ साली पुऱ्या झालेल्या तुंगभद्रा धरणाच्या एकोणिसाव्या दरवाजाची साखळी १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुटली आणि दरवाजाच वाहून गेला. धरण काठोकाठ भरलेले होते. पर्यायी फळ्या बसेपर्यंत जवळजवळ आठवडाभर नदीत पाणी सोडून द्यावे लागले आणि तीन राज्यांतील शेतकऱ्यांचे डोळे त्या एका खिंडाराकडे लागले.

कायदा नाही, अशी सबब आता सांगता येणार नाही. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन आणि प्रत्येक धरणासाठी आणीबाणीची कृतियोजना या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. पहिल्या मूल्यमापनासाठी आणि कृतियोजनेसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ अखेर भरते. या मुदतीकडे पाहताना महालेखापरीक्षकांच्या २०१७ मधील अहवालाचे स्मरण ठेवलेले बरे. मार्च २०१६ पर्यंत देशातील ४,८६२ मोठ्या धरणांपैकी केवळ ३४९ धरणांच्या कृतियोजना तयार होत्या, असे त्या अहवालात नमूद आहे. कागदावरच्या योजनांची ही अवस्था असेल, तर रात्री दोन वाजता नदीकाठच्या वाडीला कोण जागे करणार आणि लोकांनी कोणत्या टेकडीकडे जायचे, याची तालीम किती ठिकाणी झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

कायद्यातील एक उणीव विशेष खटकणारी आहे. धरणाचा मालक राज्य शासनाचे जलसंपदा खाते आणि त्याची तपासणी करणारी नाशिकची धरण सुरक्षितता संघटना त्याच खात्याची. या संघटनेतील अभियंत्यांच्या ज्ञानाविषयी वा निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दोष दाखविणारा आणि दोष दुरुस्त न करणारा एकाच वरिष्ठाला उत्तरदायी असले, म्हणजे टिपणी फायलीत राहते आणि गळती भिंतीत राहते. तपासणीचे अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवले जावेत आणि त्या त्या धरणाखालच्या ग्रामपंचायतींना मराठीत उपलब्ध व्हावेत, हा त्यावरचा साधा उपाय आहे. असे केल्याने घबराट पसरेल, असा आक्षेप घेतला जातो. अनुभव उलटा आहे. घबराट अफवेने पसरते, आणि अधिकृत माहिती जिथे मिळत नाही तिथेच अफवेला पाय फुटतात. शिवाय तिवऱ्याच्या लोकांना धोका ठाऊक होता. ज्यांनी कृती करावयाची त्यांनाच तो मनावर घ्यावासा वाटला नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या धरण पुनर्वसन योजनेच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र नव्हता. पुढील टप्प्यात त्याचा समावेश झाला, हे स्वागतार्ह आहे. परंतु कर्जातून एकदा केलेली मोठी डागडुजी ही दरसालच्या देखभालीची जागा घेऊ शकत नाही. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने पाणीपट्टी ठरविताना देखभालीचा खर्च भरून निघावा, हे तत्त्व राज्याने स्वीकारलेच आहे. त्या पट्टीतील ठरावीक हिस्सा धरणनिहाय राखून ठेवावा आणि तो अन्यत्र वळविण्यास मज्जाव असावा. ज्या शहरांना आणि कारखान्यांना धरणाचे पाणी अखंड हवे, त्यांनी भिंतीच्या प्रकृतीचाही भार उचलणे न्याय्य आहे. पावसाळ्यात दरवाजे हलविणारा अनुभवी माणूस निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी ठेवण्याची प्रथाही बंद झाली पाहिजे. ऐन पुरात दरवाजाच्या यंत्राची खोड कोणत्याही संगणकाआधी त्यालाच कळते.

यांतील एकही गोष्ट राज्याच्या आवाक्याबाहेरची नाही. १९६९ मध्ये आजच्यापेक्षा कितीतरी तुटपुंज्या साधनांनिशी भंडारदरा सावरले गेले, कारण भिंत काय सांगते आहे ते वेळीच ऐकले गेले. डिसेंबर २०२६ ची मुदत गाठताना शासनाने नुसती प्रमाणपत्रे गोळा करण्याचा मोह टाळावा. प्रत्येक मोठ्या धरणाचे दोष, ते दुरुस्त करण्याची तारीख आणि त्यासाठी जबाबदार अधिकारी यांची यादी जनतेपुढे ठेवावी. पानशेतनंतर आयोग नेमावा लागला, तिवऱ्यानंतर चौकशी करावी लागली. नदीकाठच्या माणसाला चौकशीचा अहवाल नको आहे. पावसाळ्याच्या रात्री निर्धास्त झोप हवी आहे, आणि ती देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.