एबीएसचा दिवा लागला, की लगेच सेन्सरच बदलायचा?

डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनरवर ‘पुढचे डावे चाक, स्पीड सेन्सर’ असा कोड दिसतो आणि लगेच नवा सेन्सर बसतो. दोन दिवसांनी दिवा पुन्हा हजर! कारण कोड फक्त कोणत्या चाकाचा सिग्नल बिघडला ते सांगतो, कशामुळे बिघडला ते नाही.

सेन्सर चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगवरून वेग मोजतो. रिंगला गंज किंवा चीर, सेन्सरच्या टोकावर चिखल, कनेक्टरमध्ये पाणी, आतून तुटलेली वायर यांपैकी काहीही पुरते. अनेक नव्या गाड्यांत चुंबकीय रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असते. बेअरिंग उलटे बसले तर नवाकोरा सेन्सरही आंधळा. बेअरिंग बदलल्यावर दिवा लागला असेल, तर आधी तिथेच पाहावे.

गाडी सावकाश चालवत स्कॅनरवर चारही चाकांचा वेग पाहिला, की दोषी चाक सापडते. मग साफसफाई, वायर, रिंग आणि शेवटी सेन्सर. मल्टिमीटरने ओहम मोजणे जुन्या पॅसिव्ह सेन्सरपुरते ठीक. अ‍ॅक्टिव्ह सेन्सरचा निकाल त्यावरून लागत नाही.

‘दिव्याचा बल्बच काढा’ हा सल्ला मात्र घातक. एबीएस बंद असले तरी साधे ब्रेक लागतात, म्हणून फरक जाणवत नाही. पण पावसात, घाटात ब्रेक जोरात दाबला तर चाके लॉक होतात आणि स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरते. एप्रिल २०१९ पासून नव्या कारमध्ये एबीएस बंधनकारक झाले ते याचसाठी. सेन्सरचे बिल भरण्याआधी ‘चारही चाकांचे आकडे दाखवा’ एवढे ग्राहकाने विचारायलाच हवे.