श्रीलंकेत लढलेल्या जवानाची नोंद दुरुस्त करा, पुरावा सरकारजवळच आहे

माजी सैनिक बंधूंनो, वीरपत्नी आणि वीरमाता भगिनींनो, गावकरी मंडळींनो,

ज्या जवानाने जाफन्यात सुरुंग पेरलेल्या वाटांवरून गस्त घातली, त्याच्या डिस्चार्ज बुकात त्या काळासमोर भारतातल्याच एखाद्या छावणीचे नाव असावे, हे आम्हाला मान्य नाही. कारकुनी चूक म्हणून या नोंदीची बोळवण करावी, हेही मान्य नाही. नोंद ज्याने ठेवायची होती, त्यानेच ती शोधावी आणि त्यानेच दुरुस्त करावी, ही आमची मागणी आहे.

29 जुलै 1987 रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. ऑक्टोबरात जाफना ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन पवन, सुरू झाली. पुढे आपल्या चार डिव्हिजन तिथे गुंतल्या. 24 मार्च 1990 रोजी शेवटचे जवान परत निघाले. अकराशेहून अधिक जवान जिवंत परतले नाहीत. हात, पाय, डोळे गमावून आलेले कितीतरी आहेत. जाफन्याच्या पहिल्या लढाईत पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री होती, आठवी महार होती. मुंबईत जन्मलेले मेजर रामास्वामी परमेश्वरन या आठव्या महारचेच. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावली आणि त्याला टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

परमवीरचक्राची नोंद हरवत नाही. हरवते ती त्याच वाटेवर मागे वायरलेस संच पाठीला लावून चालणाऱ्या शिपायाची, गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरची, जखमी उचलणाऱ्या नर्सिंग असिस्टंटची.

कशी हरवते, ते फौजेबाहेरच्या माणसालाही समजले पाहिजे. जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक सरकारी घटना, म्हणजे बदली, रजा, लग्न, मूल, जखम, पलटणीचा क्लार्क पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतो. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते. तिथे ती शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवानोंदीच्या कागदावर, चढते, आणि नोकरी संपताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. साखळीतली एक ऑर्डर छापली गेली नाही, किंवा छापली जाऊन पोहोचली नाही, की पुढचे सगळे कोरे. अख्खी पलटण एकत्र गेली असेल, तर निदान तिच्या हालचालीची नोंद पक्की असते. खरा फटका बसतो तो अटॅचमेंटवर गेलेल्याला. मूळ युनिट भारतात राहिले आणि तो दोन-चार साथीदारांबरोबर दुसऱ्या पलटणीला जोडून पाठवला गेला. मूळ युनिटला वाटले, ऑर्डर ते छापतील. त्या पलटणीला वाटले, हे छापतील. 1987 च्या ऑक्टोबरात जाफन्यात गोळ्या चालू असताना कुणी टंकलेखन यंत्रासमोर बसून ऑर्डरी छापत नव्हते, आणि त्या क्लार्कला आम्ही आज दोष देणार नाही. त्याच्याही हातात रायफल होती. दोष आहे तो त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांचा. सगळे शांत असतानाही ती उणीव कुणी भरून काढली नाही.

नोंदीतली ही एक ओळ नसल्याने काय बिघडते? जखमी होऊन बोर्ड आउट झालेल्या, म्हणजे वैद्यकीय कारणाने नोकरीतून काढलेल्या, जवानाचे अपंगत्व नुसते नोकरीतले ठरले, तर शंभर टक्के अपंगत्वालाही अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतो. तीच जखम लढाईतली ठरली, तर तो भाग शेवटच्या पगाराइतका पूर्ण मिळतो. विधवेचेही तसेच. साधे कुटुंब निवृत्तिवेतन 30 टक्के, नोकरीमुळे मृत्यू झाला असे ठरले तर 60 टक्के, आणि लढाईतला मृत्यू ठरला तर पूर्ण पगाराइतके. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्रात लढाईतल्या वर्गात परदेशातल्या शांतता मोहिमेवरची कारवाई आणि सरकारने खास जाहीर केलेल्या मोहिमा स्पष्ट लिहिल्या आहेत. पण जखम झाली तेव्हा हा माणूस श्रीलंकेत होता हेच कागदावर नसेल, तर तो त्या वर्गात बसणार कसा? पाय सुरुंगात गेला हे पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवून घेताना सगळ्यांना दिसते, आणि पेन्शनच्या कागदावर तोच पाय ड्यूटीवरच्या अपघातात गेलेला असतो.

ज्यांना जखम झाली नाही, त्यांचाही प्रश्न आम्ही लहान मानत नाही. विदेश सेवा पदक आणि त्यावरची देशाच्या नावाची पट्टी हा त्यांचा हक्क आहे. आपण कुठे होतो, हे स्वतःच्या कागदावर खरे लिहिलेले असावे, असे कोणत्या माणसाला वाटणार नाही?

नोंद दुरुस्तीचा अर्ज केला की ठरलेले उत्तर येते: आपण पुरावा सादर करावा. आमच्या ओळखीच्या एका वीरपत्नीला हे उत्तर पुन्हा पुन्हा आले आहे. तिने कोणता पुरावा आणावा? नवऱ्याच्या पलटणीची वॉर डायरी तिच्या घरात नाही. जहाजावर आणि विमानात चढलेल्यांच्या याद्या तिच्याकडे नाहीत. जखमीला कोणत्या फील्ड ॲम्ब्युलन्समधून हलवले, त्याचे रजिस्टर तिच्याकडे नाही. हे सगळे सरकारने लिहिले, सरकारने शिक्के मारले आणि सरकारनेच आत ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले आहे की, भरतीच्या वेळी ज्याच्या आजाराची नोंद नव्हती, त्याचा आजार नोकरीमुळे झाला नाही हे दाखवण्याचे ओझे जवानावर टाकता येत नाही. जे तत्त्व आजाराला लागू आहे, ते हजेरीला का लागू नसावे?

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. पेन्शन न मिळालेल्या जवानाची कागदपत्रे रेकॉर्ड ऑफिस 25 वर्षांनी नष्ट करते; मागे राहते ती लाँग रोलमधली थोडकी नोंद. शिपायाला पेन्शनसाठी 15 वर्षे नोकरी लागते. श्रीलंकेहून आल्यावर दोन-तीन वर्षांत, 15 वर्षे भरण्याआधीच घरी आलेल्यांच्या कागदांची मुदत केव्हाच उलटली. आणि दुसरीकडे संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये धोरण ठरवले की, युद्धे आणि मोहिमांचे दस्तऐवज साधारणपणे 25 वर्षांत खुले करावेत आणि वॉर डायऱ्या इतिहास विभागाकडे द्याव्यात. या दोन नियमांतले 25 एकमेकांसमोर ठेवून पाहा. पुरावा खुला होण्याची वेळ येते, तेव्हाच तो ज्याच्या नावावर जोडायचा त्याचा कागद भट्टीत जातो. हे दोन नियम करणारे एकाच मंत्रालयात बसतात. त्यांनी एकमेकांशी एकदा बोलावे.

कुणी म्हणतात, अशी दारे उघडली तर खोटे दावेदार शिरतील. वॉर डायरी आणि नामावली तपासल्यावर खोटा माणूस पहिल्याच पानावर पकडला जाईल. खोट्याला भीती वाटावी अशीच तपासणी आम्ही मागतो आहोत. आज तपासणी होत नाही, म्हणून खरा माणूसही खोट्यांच्या रांगेत उभा आहे.

आणि उशीर झाला म्हणून काही होत नाही, असे कुणी सांगू नये. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यातल्या 103 आणि 110 क्रमांकाच्या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, आपल्या जवानांचे पलटणवार नुसते आकडे. 2021 मध्ये ते स्मारक उभारणाऱ्या राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाने स्वतःच्याच अहवालात मान्य केले की, भारतीय आणि आफ्रिकी मृतांना समान वागणूक मिळाली नव्हती. ती संस्था शंभर वर्षांनी स्वतःचे दप्तर तपासते. आपल्या सरकारसमोरची माणसे तर अजून जिवंत आहेत, एसटीने जिल्ह्याच्या गावी येतात आणि परत जातात.

बंधूंनो, सरकार जागे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. माहिती अधिकारात आपल्या शीट रोलची आणि 1987 ते 1990 मधल्या आपल्या नावाच्या सर्व पार्ट टू ऑर्डरींची प्रमाणित प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावेच लागते. अटॅचमेंटवर होतात, तर ज्या पलटणीला जोडले होते तिचे नाव अर्जात ठळक लिहा, नाहीतर शोध चुकीच्या दप्तरात होईल. घरातली जुनी ट्रंक उघडा. तुम्ही घरी पाठवलेली पत्रे फेकू नका. पत्त्यातल्या एपीओवरून, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसवरून, ठिकाण कळत नाही, पण शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते, आणि तो क्रमांक त्या दिवशी कुठे होता हे सैनिकी टपाल खात्याला सांगता येते. पदक असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला नंबर आणि नाव यांचा फोटो काढा. त्या वेळच्या कंपनी कमांडरचा, सुभेदार साहेबांचा ठावठिकाणा असेल, तर आजच त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या. ते वयाने तुमच्यापेक्षा मोठे आहेत.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पोच घेऊन पाठवा. नकार लेखी मागा. तोंडी नकारावर काहीच उभे राहत नाही. लेखी नकार हातात आला की सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. मुदत सहा महिन्यांची असते, ती पाळा. मुदत गेली असेल तरी खचू नका: पेन्शन कमी मिळणे ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात धरले. मात्र थकबाकी साधारणपणे अर्ज केल्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे घरी बसून घालवलेले प्रत्येक वर्ष तुमच्या हातून कायमचे जाते.

आमच्या मागण्या संरक्षण मंत्रालयाकडे आहेत. श्रीलंकेत गेलेल्या प्रत्येक युनिटच्या वॉर डायऱ्या आणि नामावल्या यांच्याशी शीट रोल ताडून पाहावेत, जवानाने किंवा विधवेने अर्ज करण्याची वाट न पाहता. ते पूर्ण होईपर्यंत त्या काळात नोकरीत असलेल्या कुणाचेही कागद नष्ट करणे ताबडतोब थांबवावे. ज्यांचे आधीच नष्ट झाले, त्यांच्याबाबत लाँग रोल, टपाल शिक्का, पदक आणि सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे पुरेशी मानावीत. कागद सरकारने जाळला, त्याची शिक्षा जवानाला नको.

येत्या ग्रामसभेत पुढचा ठराव मांडा, हात वर करून मंजूर करून घ्या आणि त्याची प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि आपल्या खासदारांना पोचवा:

"भारतीय शांतिसेनेतून 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत सेवा केलेल्या आमच्या गावातील सर्व जवानांची परदेश सेवेची नोंद केंद्र सरकारने स्वतःच्या दप्तरातून शोधून त्यांच्या सेवापुस्तकात करावी, आणि तोवर त्यांचा एकही कागद नष्ट करू नये, अशी ही ग्रामसभा मागणी करत आहे."

ठरावाखाली गावातल्या प्रत्येक शांतिसैनिकाचे नाव, नंबर, पलटण आणि श्रीलंकेतले ठिकाण लिहा. जो हयात नाही त्याचेही लिहा.

आपले,
समस्त माजी सैनिक व वीरपत्नी