टाकण्यापूर्वी

जबलपूरमधील कठौंदा येथे २०१६ साली कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प सुरू झाला. रोज ६०० टन कचरा आणि त्यापासून साडेअकरा मेगावॅट वीज, अशी त्याची आखणी. कचऱ्याचे डोंगर साचण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

पण भट्टीत चांगले जळते काय? भाजीची ओली देठे, आंब्याच्या साली नव्हेत. चांगले जळतात ते कपडे, कागद, प्लॅस्टिक. म्हणजे नेमक्या त्याच वस्तू, ज्या आपल्या आजीने सहसा घराबाहेर जाऊ दिल्या नसत्या! तिचे लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणे. बरे उरलेले कपडे बोहारणीला देऊन, तासभर घासाघीस करून, ती एखादे पातेले पदरात पाडून घेई. शिवाय साडी विणायला, रंगवायला जी ऊर्जा लागली, ती साडी जाळून थोडीच परत मिळते?

अर्थात, माळ्यावर बंद पडलेले तीन मिक्सर जपून ठेवणे ही काही काटकसर नव्हे. ती अडगळ. मिक्सर दुरुस्त व्हायला हवा. 'दुरुस्तीपेक्षा नवाच घ्या' हे दुकानदाराचे पालुपद आपण मुकाट्याने ऐकतो. ग्राहकांना दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने २०२२ साली एक संकेतस्थळही सुरू केले, पण खरी चौकशी खरेदीच्या वेळीच करायला हवी. भांड्याचे रबर, कपलर सुटे मिळतात का? कुठे? केवढ्याला? दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.