शेवटच्या टेबलावरची दालपुरी

परमुलखातल्या हॉटेलात 'बुफे' मांडलेला दिसला की मराठी माणसाच्या मनात दोन आवाज एकदम बोलू लागतात. एक म्हणतो, पैसे मोजले आहेत, काही सोडू नकोस. दुसरा आवाज लहानपणापासून ऐकलेला असतो : पानात टाकायचे नाही. या दोघांच्या भांडणात आपण जे काही पोटात ढकलतो, त्यालाच बहुधा सहलीतले जेवण म्हणतात.

मॉरिशसला गेलो तेव्हा एका रविवारी हेच घडले. समुद्राला लागून असलेल्या आमच्या हॉटेलात त्या दिवशी 'ब्रंच' होता. न्याहारी आणि दुपारचे जेवण यांची ही सांगड आजकालची नव्हे. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ साली एका लेखात तिची कैफियत मांडली होती. शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी लवकर उठवू नये, हा त्याचा साधा मुद्दा. रविवारची पुरवणी लोळत वाचणाऱ्या कोणालाही तो पटावा!

माणशी दराचे रुपये करून सांगितल्यावर आई दोन मिनिटे गप्पच झाली होती. तो दर डोक्यात ठेवूनच मी ताटली घेतली. नॉर्वेचा सामन मासा, तीन तऱ्हांचे फ्रेंच चीज, थंड मांसाचे काप, त्यांवर कसेबसे तोल सांभाळणारे दोन केक. मुले वॅफलच्या रांगेत होती. आई मात्र हात मागे बांधून, लग्नातले रुखवत पाहावे तशी सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारून आली आणि दाराजवळच्या शेवटच्या टेबलाशी थांबली. तिथे एक तरुण तव्यावर पातळ, पिवळसर पोळ्या गरम करत होता.

"पुरणपोळीच दिसते, पण गूळ विसरलेत," ती म्हणाली.

ती दालपुरी होती. शिजवून बारीक केलेली पिवळी डाळ पोटात घेतलेली मऊ पोळी. सोबत मोठ्या पांढऱ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची 'रुगाय' आणि कोथिंबिरीची चटणी. मॉरिशसच्या रस्त्यारस्त्यांवर ती मिळते ती जोडीनेच, कागदात गुंडाळलेली. आईने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, मसाला कशावर वाटता? तो हसला. "यहाँ तो मशीन है, माँजी. घर में नानी का पत्थर है."

तिथे पाट्याला 'रॉश कारी' म्हणतात आणि वरवंट्याला 'बाबा'. क्रिओल भाषेत बाबा म्हणजे तान्हे बाळ. बारशाला वरवंटा पाळण्यात घालणाऱ्या आपल्या बायकांना हे नाव समजावून सांगायला नको.

हा दगड आणि ही डाळ तिथे पोचली कशी? १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे मजुरीच्या करारावर हिंदुस्थानातून या बेटावर उतरली. बहुतेक बिहारकडची, काही मद्रासच्या बंदरातून गेलेली, तर काही आपल्या कोकणातली आणि घाटावरची, मुंबईहून जहाजात चढलेली. पोर्ट लुईमधल्या ज्या धक्क्यावर ती उतरली, त्या अप्रवासी घाटाला युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाचा मान दिला. सुरुवातीच्या करारात पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि वर मोजून दिलेला शिधा : तांदूळ, डाळ, मीठ. एक दिवस कामावर गैरहजर राहिले की मजुरी दोन दिवसांची कापली जाई. अशी मोजून मिळालेली डाळ पिठात भरून, पोळी करून, पुढच्या पिढ्यांनी ती साऱ्या बेटाला खाऊ घातली. आज ती हिंदू खातो, मुसलमान खातो, चिनी आणि क्रिओलही खातो. तिथे स्थिरावलेल्या मराठी माणसांच्या नातवंडा-पतवंडांची तर ती रोजची ओळखीची. गणेशोत्सवाला तिथे सार्वजनिक सुटी असते, हेही जाता जाता सांगायला हवे.

बुफेच्या भपक्यात आणखी एक गोष्ट झाकली जाते. मॉरिशस बेट आकाराने बृहन्मुंबईच्या जेमतेम तिप्पट. शेतीची बहुतेक जमीन उसाखाली. तांदूळ आणि गहू बाहेरून येतात. बेटावर खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी फार मोठा वाटा जहाजांनी आणलेला असतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा तिथे काही दिवस किराणा दुकानेही बंद ठेवावी लागली. पुढे ती उघडली, पण आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे खरेदीचे दिवस वाटून देऊन. हॉटेले ओस पडली. ज्या बेटाने पाहुण्यांसाठी इतकी टेबले मांडली, त्या बेटावरच्या माणसांनी तांदूळ-पिठासाठी आपल्या अक्षराची वाट पाहिली.

हे सांगायचे ते कोणाच्या सुट्टीवर विरजण घालण्यासाठी नव्हे. पर्यटकांच्या येण्यावर तिथल्या हजारो घरांची चूल पेटते. तवा सांभाळणाऱ्या त्या तरुणाचीही. पैसे मोजले असतील तर मजेत, पोटभर जेवावे. पण पैसे वसूल होतात ते कशाने? सामन आणि चीज आता मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतही मिळते. ज्या गावी गेलो त्या गावचे म्हणून जे असते, ते बहुतेक हॉटेलांत कोपऱ्यातल्या टेबलावर असते आणि तिथे रांगही नसते. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारावी, जे ठाऊक नाही त्याबद्दल विचारावे, आणि थोडे थोडे घ्यावे. दुसऱ्यांदा उठायला मनाई नसते. बुफेची खरी चैन तीच आहे, आणि नेमकी तीच आपण विसरतो.

त्या दिवशी माझ्या ताटलीतले अर्धे केक आणि चीज तसेच राहिले. वाढप्याने ती ताटली काही न बोलता उचलली. आईची ताटली तेवढी स्वच्छ होती. धाकट्याने दोन्ही ताटल्यांकडे पाहिले आणि विचारले, "आजी, ती पोळी अजून मिळेल?"

"मिळेल की," आई म्हणाली. "पण एकच आण. लागली तर पुन्हा जाऊ."