वीस वर्षांचा आराखडा, रोजचा फेरबदल

विकास आराखड्याचा विषय निघाला की हल्ली एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो. निवृत्त अधिकारी तो करतात, बांधकाम व्यावसायिक करतात आणि रोजच्या वाहतूक कोंडीला विटलेला नोकरदारही करतो. युक्तिवाद असा : शहर दर दोन-चार वर्षांनी पालटते, आराखडा मात्र वीस वर्षे जागचा हलत नाही. तो सुधारायला घ्यावा तर लोक हजारोंनी हरकती घेतात, मग सुनावण्या, मग कोर्टकचेऱ्या, आणि त्यात दशक निघून जाते. तेव्हा हा खटाटोप सोडा. तज्ज्ञांना काम करू द्या आणि मेट्रो, पुनर्विकास, रिंगरोड अशा एकेका प्रकल्पाला लागेल तशी परवानगी देत पुढे चला.

यातले रखडण्याचे म्हणणे खोटे नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर मुदत लिहिली आहे २००७ ते २०२७. सुधारणेचा इरादा जाहीर झाला २००७ मध्ये, प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला मार्च २०१३ मध्ये, त्यावर ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या त्रिसदस्यीय समितीकडे सोपवला, आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्याची निम्मी वर्षे तो मंजूर होण्यातच सरली. शेजारच्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) २०२१ चा प्रारूप आराखडा तर मंजुरीपर्यंत पोहोचलाच नाही, २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला.

पण रखडले ते हरकतींमुळे, हा निष्कर्ष या तारखांतून निघत नाही. पुणेकरांना अधिकृतपणे बोलायची संधी मिळाली तीच सहाव्या वर्षी. कायद्याने हरकतींना दिलेली मुदत दिवसांत मोजायची असते. त्याआधीची सहा वर्षे नकाशा विभाग, समिती आणि सभागृह यांच्यात फिरत होता, आणि हरकतींनंतरची चार वर्षे महापालिका व मंत्रालय यांच्यात गेली. ज्याच्या वाट्याला काही आठवडे आले, त्याच्यावर दहा वर्षांचे खापर फोडायचे हा कुठला न्याय?

आता, एका शहरातून ८० हजार हरकती येतात तरी का? लोक भांडकुदळ आहेत म्हणून? वीस वर्षांतून एकदाच दार उघडले तर दारात झुंबड उडणारच. आपल्या वाड्यावर पडलेला डीपी रस्ता, शाळेचे आरक्षण उठून तिथे आलेला निवासी पट्टा, टेकडीच्या उतारावर चढलेला पिवळा रंग, हे सगळे एकाच महिन्यात पाहायचे, समजून घ्यायचे आणि अर्जात लिहायचे. चुकले तर पुढची संधी मुलाच्या लग्नानंतर. अशा वेळी शहाणा माणूस हरकत घेऊन ठेवतो, गरज असो वा नसो. हरकतींचा डोंगर हा आपल्या पद्धतीने निर्माण केलेला आहे, आणि ज्यांनी ती पद्धत घडवली तेच त्या डोंगराकडे बोट दाखवतात.

‘तज्ज्ञांवर सोडा’ हा सल्लाही मुंबईने एकदा पुरेपूर अनुभवला आहे. २०१४ ते २०३४ या काळासाठी सल्लागार संस्था नेमून केलेला प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नागरिकांनी नकाशे उघडले तेव्हा कुठे वारसा इमारतींचा पत्ता नव्हता, कुठे उभ्या इमारतींमधून रस्ते काढलेले होते. आरे वसाहतीचा भाग विकासासाठी खुला केलेला होता. गावठाणे, कोळीवाडे आणि आदिवासी पाडे यांच्या सीमांचा घोळ होता. स्थानकांच्या आसपास चटईक्षेत्र निर्देशांक ८ पर्यंत नेण्याची कल्पना होती, पण तितक्या माणसांचे पाणी, मैला आणि पदपथ यांचे काय, याचे पटेल असे उत्तर नव्हते. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मागे घेऊन सुधारायला सांगावे लागले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले.

या चुका कोणी शोधल्या, हे विसरता येणार नाही. वास्तुरचनाकार आणि नियोजनाचे अभ्यासक होतेच, पण त्यांच्याबरोबर गृहनिर्माण सोसायट्यांचे सचिव होते, कोळीवाड्यातले रहिवासी होते, वस्त्यांत काम करणाऱ्या संघटना होत्या. आपल्या गल्लीत काय उभे आहे ते गल्लीतल्या माणसाला उपग्रहाच्या छायाचित्रापेक्षा जास्त ठाऊक असते. तज्ज्ञता हवीच. पाण्याच्या वाहिनीचा व्यास मतदानाने ठरत नाही. पण विद्यमान भूवापराचा नकाशाच चुकलेला असेल तर त्यावर बेतलेली सगळी गणिते बरोबर असूनही उत्तर चुकणार. कायद्याने आराखड्याआधी भूवापराचे सर्वेक्षण सक्तीचे केले आहे ते उगाच नाही. उलट हा नकाशा तरी मोहल्ल्या-मोहल्ल्यातून तपासून घेतला असता, तर वर्षभराचे काम पुन्हा करायची पाळी आली नसती. लोकांना उशिरा विचारणे महाग पडते, हा मुंबईचा धडा आहे. लोकांना विचारणे महाग पडते असा तो वाचला जातो.

या युक्तिवादातला सर्वांत मोठा गैरसमज मात्र ‘आराखडा ताठर असतो’ हा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ ज्यांनी वापरताना पाहिला आहे, त्यांना या वाक्याचे हसू येईल. या कायद्याचे कलम ३७ मंजूर आराखड्यात फेरबदल करू देते. अट एवढीच की आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. राजपत्रात सूचना, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपातली जाहिरात, महिनाभर हरकती, आणि आरक्षण उठले किंवा पट्टा बदलला. वीस वर्षांत असे किती फेरबदल झाले, त्यातून किती मैदाने गेली आणि किती शाळांच्या जागा इमारतींखाली आल्या, याचा एकत्र हिशेब सामान्य माणसाला एका नकाशावर कुठे पाहायला मिळतो?

गिरणगावाची गोष्ट इथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्यात सगळे आले. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने बंद व आजारी गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरवून दिली होती. मोठी जमीन पुनर्विकासाला काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. शहराच्या ऐन मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन. परळ, लालबाग, वरळी, लोअर परळमध्ये श्वास घ्यायला जागा मिळण्याची दुसरी संधी येणार नव्हती. २००१ मध्ये हा नियम बदलला गेला. वाटे आता गिरणीच्या संपूर्ण जमिनीचे पडणार नव्हते. ज्या जमिनीवर मुळात बांधकाम नव्हते तेवढीच वाटपात धरली जाणार होती. गिरणी म्हणजे शेडच शेड. त्यात मोकळी जमीन ती किती? शेड पाडून मोकळी झालेली जमीन या हिशेबात येत नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने अर्थ लावला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा बदल कायम केला. पुढचे सगळे लोअर परळच्या पुलावरून दिसते.

बदलाच्या समर्थकांचे एक म्हणणे मान्य करायला हवे. जुन्या नियमाखाली मालक पुढे येत नव्हते, जमिनी पडून होत्या, कामगारांची देणी थकली होती. नियम सुधारायला हवाच होता. पण सुधारणा कलम ३७ च्या वाटेने आली. गिरणगावात पाणी किती लागेल, रस्ते किती रुंद हवेत, एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर किती माणसे येतील, हे प्रश्न तिच्याबरोबर आले नाहीत, कारण फेरबदलात ते यावे लागत नाहीत. नकाशावरचा एकही रंग न बदलता आराखड्याचा गाभा बदलला गेला. याहून लवचीक आराखडा तो कसा असतो? ‘प्रकल्पागणिक परवानगी द्या’ म्हणणाऱ्यांना जे हवे आहे, ते या शहराने केव्हाच करून पाहिले आहे.

गोव्यात हीच गोष्ट वेगळ्या पोशाखात घडली. २००६ मध्ये अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ जनआंदोलनामुळे काही महिन्यांत मागे घ्यावा लागला, पुढे ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ आला. आणि मग कायद्यातच दुरुस्ती करून ‘चुका सुधारण्याच्या’ नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलायची वाट २०२३ मध्ये काढली गेली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्दबातल ठरवले. पुढच्या दाराने जनतेने थांबवलेले मागच्या दाराने आत घेण्याची हौस पक्षनिरपेक्ष दिसते.

इथवर वाचून माना डोलावणारे माझे काही कार्यकर्ते मित्र असतील. त्यांच्याशीही थोडा वाद आहे. ‘आरक्षणाला हात लावू नका, नकाशा आहे तसा राखा’ ही त्यांची भूमिका नैतिकदृष्ट्या भक्कम वाटते, व्यवहारात ती मैदान वाचवत नाही. बागेचे आरक्षण पडलेल्या जमिनीचा मालक वर्षानुवर्षे तिथे काही बांधू शकत नाही, विकायला गेला तर भाव येत नाही. महापालिकेकडे भूसंपादनाला पैसे नसतात, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदल्याचे आकडे आणखी चढले. शेवटी ती जमीन स्वस्तात घेतो कोण? ज्याला आरक्षण उठवण्याची वाट ठाऊक आहे तो. शिवाय नगररचना अधिनियमाचे कलम १२७ आहेच : दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि त्यापुढच्या मुदतीत संपादनाचे खरेखुरे पाऊल पडले नाही तर आरक्षण आपोआप संपते. नुसता प्रस्ताव सरकारकडे धाडणे म्हणजे पाऊल नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ मध्ये सांगितले. म्हणजे आरक्षण जपायचे तर त्याच्यावर तारीख आणि रक्कम लिहावी लागते. नुसता हिरवा रंग भरल्याने बाग होत नाही, आणि छोट्या मालकावर अन्याय करून झालेली बाग टिकतही नाही.

मग करायचे काय? दीर्घ पल्ला सोडायचा नाही. धरण, मलनिस्सारण केंद्र, लोहमार्ग यांना वीस काय, तीस वर्षे पुढे पाहावे लागते. टेकड्या, नद्यांचे पूरपात्र, खारफुटी हा सांगाडा ठरला की त्याला फेरबदलाच्या कलमाने हात लागता कामा नये, त्यासाठी पूर्ण सुधारणेचीच प्रक्रिया व्हावी. त्या सांगाड्याच्या आतले मात्र दर पाच वर्षांनी, प्रभागवार, उजळणीला घ्यावे. सिंगापूर आपला बृहत् आराखडा पाच वर्षांनी तपासते, हे आपल्याकडच्या परिसंवादांत फार कौतुकाने सांगतात. तिथे बहुतेक जमीन सरकारची आहे, हे सांगायचे राहून जाते. आपल्याकडे ती लाखो हातांत वाटलेली आहे. म्हणूनच तर आपल्याला उजळणी अधिक छोट्या तुकड्यांत हवी. एका प्रभागातले हजारभर अर्ज कारणे देऊन निकालात काढता येतात. ८० हजारांना ‘अंशतः मान्य’, ‘अमान्य’ असे शिक्केच मिळणार.

दोन गोष्टी तर कायदा न बदलताही उद्या सुरू करता येतील. कलम ३७ खाली झालेला प्रत्येक फेरबदल, तारीख आणि कारणासह, मूळ मंजूर नकाशावर वेगळ्या रंगात दाखवून तो नकाशा सर्वांना पाहता यावा. आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकाला दरवर्षी एक जोडपत्र असावे : एकूण आरक्षणे किती, ताब्यात आली किती, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन मिळाली किती, कलम १२७ च्या नोटिसा किती, गमावली किती. अधिकारी म्हणतील की ही माहिती आमच्याकडे असतेच. असेल तर छापायला हरकत नसावी.

सांगाडा फेरबदलाबाहेर ठेवण्यावर ‘सभागृहाचे अधिकार कमी होतात’ अशी ओरड होईल. नगरसेवकांनी आराखड्यात शेवटच्या क्षणी घुसडलेल्या उपसूचनांचा इतिहास पाहता मला तिची फार काळजी वाटत नाही. पण मुंबई-पुण्यात मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे सभागृहच नव्हते आणि प्रशासक बसले होते, तेव्हा फेरबदल काही थांबले नव्हते, याची काळजी जास्त वाटते. निवडून आलेला माणूस निदान पुढच्या निवडणुकीत दारात येतो.

कलम ३८ सांगते की मंजूर आराखड्याची सुधारणा वीस वर्षांतून किमान एकदा व्हावी. त्याआधी करायला मनाई नाही. कमाल मर्यादेलाच आपण नेम ठरवून बसलो आहोत. आणि ही वीस वर्षे आराखड्यावर छापलेल्या सालापासून मोजायची नसतात, तो अमलात आल्यापासून मोजायची असतात. तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झाला असेल तर शेवटचा तुकडा अमलात आल्यापासून. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. २०२७ सालची लोकसंख्या गृहीत धरून केलेला हा नकाशा कायद्याने किमान २०३७ पर्यंत चालवता येईल, आणि राज्य सरकारने स्वतःहून सुधारणेचा आदेश दिला नाही, तर पुढच्या सुधारणेचा इरादा पुणे महापालिकेने तोवर जाहीर केला नाही तरी तिला जाब विचारायला कायद्यात जागा नाही.