डायरेक्ट करून देतो!

गेल्या शनिवारी बारामतीला घरी गेलो तर गीझर बंद. वायरमनने झाकण उघडलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "दादा, थर्मोस्टॅट गेलाय. डायरेक्ट करून देतो, काही होत नाही!" इंदापूरला मावशीकडे तर वर्षभर डायरेक्टच चालू आहे म्हणे.

डायरेक्ट म्हणजे काय मंडळी? थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी एकत्र पिळायच्या. पाणी तापलं की वीज तोडणाराच गायब. एक्सेप्शन हँडलिंग कॉमेंट करून कोड लाइव्ह करण्यासारखं हे! फरक एवढाच, की इथे सर्व्हर बसत नाही, टाकी फुटते. कटआउट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतात, मान्य. पण बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी तो व्हॉल्व्ह जाम झालेला नाही, हे कुणी बघितलंय?

मी मेन स्विच पाडला, वायरी सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला. २ किलोवॉटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते, ती ठीक होती. गार पाण्यात थर्मोस्टॅटने जवळपास शून्य दाखवायला हवं, माझा पूर्ण तुटलेला. म्हणजे वायरमनचं निदान बरोबर, औषध मात्र जीवघेणं. नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळाला.

दोष एकट्या वायरमनचा नाही. "आजच्या आज चालू करा" म्हणणारे आपणच. ऑफिसात टेस्टिंगशिवाय रिलीज नको म्हणून भांडतो, आणि आई जिथे रोज अंघोळ करते तिथे जुगाड चालतो?

असो. आज घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, आपला गीझर डायरेक्ट तर नाही ना?