डुकराचे हृदय, माणसाची निकड

आसामात सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी १९९७ मध्ये माणसाला डुकराचे हृदय बसवले. रुग्ण आठवडाभरात दगावला, डॉक्टर गजाआड गेले. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली तेव्हा जगभर कौतुक झाले. तिथे दहा जनुकीय बदल केलेले डुक्कर होते आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची आपत्कालीन परवानगीही. तरी रुग्ण डेव्हिड बेनेट दोनच महिने जगले. बसवलेल्या हृदयात डुकरांमधला विषाणू निघाला, आधीच्या तपासण्यांतून निसटलेला. तेव्हा घाई नकोच. पण नाक मुरडणाऱ्यांनी हेही पाहावे, की डुकराच्या हृदयाच्या झडपा माणसांत कित्येक वर्षे बसवल्या जात आहेत. त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मात्र आपल्याकडे तूर्त गरज आहे ती मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांशी अवयवदानाबद्दल वेळेवर, नीट बोलणाऱ्या समन्वयकांची. सरकारने आधी ती पदे भरावीत.